आकडा पडतो कसा, ते आधी पाहावे

भरलेला ट्रक चढाला लागला, चालकाने गियर उतरवून पुन्हा रेस दिली आणि माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर तीन रेषा एकदम तळाला गेल्या. एक रेषा सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबाची, म्हणजे बूस्टची होती, दुसरी हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्टमधल्या दाबाची आणि तिसरी ऑइल प्रेशरची. सेकंदाच्या आत त्या आपापल्या जागी परतल्यासुद्धा, पण तेवढ्यात डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला होता, ईसीएमने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, इंजिनाची ताकद कमी केली होती आणि ट्रक दम टाकत पहिल्या गियरपर्यंत उतरला होता.

या ट्रकचा बूस्ट सेन्सर माझ्याकडे येण्यापूर्वी दोनदा बदलला गेला होता. टर्बोला हुकमाप्रमाणे कमीजास्त करणारा ॲक्च्युएटरही अंदाजाने बदलून झाला होता आणि आता पूर्ण टर्बोच बदलावा, असा सल्ला मालकाला मिळाला होता. त्याला कारण एकच होते: स्कॅनर जोडला की दर वेळी बूस्टचा दोष सांगणारा कोड दिसे. कोड खोटा नव्हता, पण त्या तीन रेषा एकत्र पडलेल्या पाहिल्यावर टर्बोवरचा माझा संशय मात्र त्याच क्षणी संपला, आणि तो का संपला हेच मला या लेखात सविस्तर सांगायचे आहे.

टर्बोचा शाफ्ट भर लोडवर मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेत असतो. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरपासून ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून सिलिंडरपर्यंतच्या पाइपांमध्ये बरीच हवा साठलेली असते. चालकाने पाय उचलला, तरी हा दाब उतरायला थोडा वेळ जातो आणि पुन्हा चढायला त्याहून जास्त. म्हणून बूस्ट नोंदीच्या एका नमुन्यात दोनशे किलोपास्कलवरून शून्यावर आणि पुढच्या नमुन्यात पुन्हा दोनशेवर, असे हवेच्या बाबतीत घडू शकत नाही. त्यातच त्याच क्षणी ऑइल प्रेशरही पडले असेल, तर ऑइल पंप आणि टर्बो यांनी एकाच वेळी दगा देऊन एकाच वेळी माघार घेतली, असे मानावे लागेल. या तिन्ही सेन्सरांमध्ये सामाईक असते ती ईसीएमकडून येणारी ५ व्होल्टची पुरवठ्याची तार आणि परतीची अर्थची तार. यंत्राचा आकडा उतरतो आणि तारेचा आकडा तुटतो. हा फरक डोळ्यांनी ओळखता आला, तर निम्मे निदान ट्रकखाली जाण्याआधीच होते.

हे दिसण्यासाठी नोंद मात्र नीट करावी लागते. बहुतेक स्कॅनरवर जितके जास्त आकडे एकाच वेळी पाहायला घ्यावेत, तितका प्रत्येक आकडा उशिरा ताजा होतो. पन्नास आकड्यांची यादी उघडून ठेवली, तर अर्ध्या सेकंदाचा दोष दोन नमुन्यांच्या मधल्या फटीत हरवून जातो. म्हणून मी पाच-सहाच निवडतो: इंजिनाचे फेरे, लोडची टक्केवारी, बूस्ट, इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब म्हणजे रेल प्रेशर, सेन्सरांच्या पुरवठ्याचे व्होल्टेज मिळत असेल तर ते, आणि संशयिताच्या तारेवरच बसलेला एखादा दुसरा सेन्सर. हा शेवटचा आकडा साक्षीदारासारखा असतो आणि तो घ्यायला मी कधीही विसरत नाही.

कोड वाचण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसा आणि वेळ सर्वांत जास्त इथेच वाया जातो. जड वाहनांमध्ये जे-१९३९ या मानकानुसार कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा आकडा कोणत्या राशीबद्दल तक्रार आहे ते सांगतो आणि एफएमआय हा आकडा तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते सांगतो. एसपीएन १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचा दाब, १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १५७ म्हणजे रेल प्रेशर. बहुतेक जण इथेच थांबतात आणि १०२ दिसले की बूस्ट सेन्सर मागवतात. खरी माहिती दुसऱ्या आकड्यात असते. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज मर्यादेच्या वर गेले, ४ म्हणजे मर्यादेच्या खाली गेले. ५ आणि ६ हे विद्युतप्रवाहाबद्दल असतात आणि अनुक्रमे तुटलेल्या आणि अर्थला चिकटलेल्या सर्किटकडे बोट दाखवतात. २ म्हणजे आकडा बेभरवशाचा किंवा न पटणारा आहे. ७ म्हणजे यांत्रिक भाग हुकूम पाळत नाही. आणि ०, १, १६, १८ यांसारख्या आकड्यांचा अर्थ असा, की सेन्सरवर ईसीएमचा विश्वास आहे, पण तो जे मोजतो आहे ते प्रमाणाबाहेर जास्त किंवा कमी आहे. म्हणजे १०२ सोबत १८ असेल, तर हवा खरोखर कमी पडते आहे असे धरून पाइप, इंटरकूलर आणि टर्बो यांच्याकडे जावे. १०२ सोबत ४ असेल, तर टर्बोला हात लावण्याचे कारणच नाही आणि मल्टीमीटर काढावा. या ट्रकमध्ये १०२ सोबत ४ होता. शिवाय जुन्या, निष्क्रिय कोडांच्या यादीत एसपीएन ३५१०, एफएमआय ४ एकदाच नोंदलेला होता. ३५१० म्हणजे सेन्सरांना होणारा दुसऱ्या क्रमांकाचा व्होल्टेज पुरवठा. प्रत्येक कोड नोंदण्यापूर्वी ईसीएम ठरावीक वेळ वाट पाहते आणि ती वेळ प्रत्येक कोडसाठी वेगळी असते. दोष क्षणिक असला, की एखादाच कोड दर वेळी पकडला जातो आणि बाकीचे निसटतात. त्यामुळे निष्क्रिय यादी पुसून टाकण्याआधी ती उतरवून घेणे आणि प्रत्येक कोड किती वेळा आला ते पाहणे आवश्यक आहे. आधीच्या तपासणीत ती पाहिली असती, तर एकही सेन्सर विकत घ्यावा लागला नसता, असे मला मनापासून वाटते.

यंत्राइतकीच माहिती चालकाकडे असते. मी त्यांना दिवा कधी लागतो असे विचारले, तेव्हा त्यांनी "चढाला लागतो" असे सांगितले. पण मी पुढे विचारत गेलो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, एका रेसमध्ये चढलो तर काही होत नाही. गियर बदलून परत पाय दिला, की त्या झटक्याला लागतो." हे एक वाक्य फार मोलाचे होते. गियर बदलून पुन्हा ताकद दिली, की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला मुरडते आणि इंजिन व चेसिस यांच्यामधून जाणारी प्रत्येक तार त्याबरोबर ओढली जाते. थंडपणी येणारा दोष, फक्त पावसात येणारा दोष, इंजिन तापल्यावर येणारा आणि झटक्याला येणारा दोष हे चार वेगवेगळे दोष आहेत. चालकाला घाई न करता बोलू दिले, तर त्यांतला आपला कोणता ते बहुधा त्यांच्याच तोंडून कळते.

तारा हलवण्याआधी एक साधी तपासणी मी प्रत्येक ट्रकवर करतो, मग तक्रार काहीही असो. किल्ली ऑन करायची, पण इंजिन सुरू करायचे नाही. इंजिन थांबलेले असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, एक्झॉस्टमध्ये आणि बाहेरच्या हवेत एकच दाब असतो, म्हणून हे तिन्ही सेन्सर जवळपास एकच आकडा दाखवायला हवेत. समुद्रसपाटीवर तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि हजार मीटर उंचीवर ९० च्या जवळ येतो. काही स्कॅनर बूस्टमधून बाहेरच्या हवेचा दाब वजा करून दाखवतात, तिथे थांबलेल्या इंजिनावर शून्य दिसायला हवे. बूस्ट सेन्सर स्थिर इंजिनावर पंधरा-वीस किलोपास्कल जास्त दाखवत असेल, तर तो सेन्सर बिघडला आहे किंवा त्याच्या अर्थच्या तारेत रोध वाढला आहे. परतीच्या वाटेवर रोध आला, की सिग्नलचे व्होल्टेज वर उचलले जाते आणि ईसीएमला नसलेला दाब दिसू लागतो. तापमानाच्या सेन्सरांसाठी हीच युक्ती सकाळी करावी. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये कूलंट, इनटेकची हवा, इंधन आणि ऑइल यांची तापमाने एकमेकांपासून थोड्याच अंशांच्या फरकात असतात. त्यांत एखादा वेगळा पडला, तर तो आपोआप उघडा पडतो. हे सेन्सर बहुतेक वेळा असे असतात, की तापमान वाढले की त्यांचा रोध कमी होतो. त्यामुळे तार तुटली तर स्कॅनरवर उणे ४० अंशांसारखा अशक्य थंड आकडा येतो आणि कनेक्टरमध्ये गंज चढून रोध वाढला, तर इंजिन खऱ्यापेक्षा थंड दिसते.

दाबाच्या सेन्सरला साधारणपणे तीन तारा असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत खेळतो. दोन्ही टोके मुद्दाम मोकळी सोडलेली असतात, म्हणजे तार तुटली किंवा कशाला चिकटली की ते ईसीएमला लगेच कळते. सेन्सर विकत घेण्याआधी त्याला निर्दोष किंवा दोषी ठरवण्याची चाचणी पाच मिनिटांची आहे. कनेक्टर काढावा आणि हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या, बाजूला ५ व्होल्ट व अर्थ आहेत का ते मोजावे. मग सिग्नलची पिन फ्यूज असलेल्या छोट्या तारेने आधी ५ व्होल्टच्या पिनला आणि नंतर अर्थच्या पिनला जोडून स्कॅनरवर काय होते ते पाहावे. पहिल्या वेळी व्होल्टेज जास्त असल्याचा आणि दुसऱ्या वेळी कमी असल्याचा कोड आला, तर सिग्नलची तार ईसीएमपर्यंत अखंड आहे आणि ईसीएमही तिचे ऐकते आहे. मग उरतो तो सेन्सर. काहीच बदलले नाही, तर नवा सेन्सर लावूनही काही बदलणार नाही. ही चाचणी फक्त सेन्सरांवर करावी. ॲक्च्युएटर, इंजेक्टर किंवा सोलेनॉइड यांच्या तारांवर असे जोड दिले, तर ईसीएमचे नुकसान होऊ शकते.

५ व्होल्टचा पुरवठा एकाच तारेवरून अनेक सेन्सरांना वाटला जातो, हे लक्षात ठेवले की अनेक कोडी सुटतात. एका सेन्सरच्या आत शॉर्ट झाला, की त्या गटातले सगळे सेन्सर एकदम बंद पडतात आणि स्कॅनरवर एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या पाच-सहा कोडांची रांग लागते. अशा वेळी ५ व्होल्टच्या तारेवर मल्टीमीटर लावून ठेवावा आणि त्या गटातले कनेक्टर एकेक करून काढत जावे. ज्या क्षणी व्होल्टेज परत येते, त्या वेळी हातात असलेला कनेक्टर दोषी सेन्सरचा असतो. सगळे काढूनही पुरवठा परत आला नाही, तर दोष हार्नेसमध्ये आहे किंवा, क्वचित, ईसीएममध्ये. ईसीएमचे नाव मी शेवटी घेतो आणि ती खरोखर बिघडलेली मला फार कमी वेळा आढळली आहे.

आमच्या ट्रकमध्ये दोष सतत नव्हता, म्हणून कनेक्टर काढत बसण्याचा उपयोग नव्हता. मी कमाल-किमान व्होल्टेज धरून ठेवणारा मल्टीमीटर बूस्ट सेन्सरच्या ५ व्होल्टवर मागच्या बाजूने लावला, किल्ली ऑन ठेवली आणि लाकडी पट्टीच्या टोकाने हार्नेस वीतवीतभर अंतरावर दाबत, ओढत गेलो. ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेच्या, कूलरच्या मागे पोहोचलो, तेव्हा मल्टीमीटरने ५.०१ वरून ०.३ असा आकडा पकडला. तिथे हात जात नव्हता. टॉर्च आणि छोटा आरसा लावल्यावर दिसले, की हार्नेसला धरून ठेवणारी रबरी क्लिप आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत परत बसवलीच नव्हती आणि हार्नेस लोंबून ब्रॅकेटच्या कडेवर टेकला होता. ब्रॅकेटचा रंग त्या एका रेषेत उडून लोखंड आरशासारखे चकाकत होते. प्लास्टिकचे आवरण अर्धचंद्रासारखे खाल्ले गेले होते, त्याखालची टेप ऑइल आणि काजळी यांनी चिकट झाली होती. ती सोडवल्यावर आतल्या सात-आठ तारांपैकी एकीचे तांबे नखाच्या टोकाएवढे उघडे दिसले. ती तार बूस्ट सेन्सरची नव्हतीच. एक्झॉस्ट दाबाच्या सेन्सरला जाणारी पुरवठ्याची ती फांदी होती. इंजिन मुरडले की तांबे ब्रॅकेटला शिवे, तिन्ही सेन्सरांचा पुरवठा अर्थमध्ये जाई आणि इंजिन सरळ झाले की सगळे पूर्ववत होई. असे असताना बूस्ट सेन्सर शंभर वेळा बदलला असता, तरी दिवा लागतच राहिला असता.

दुरुस्ती करताना दोन गोष्टींवर मी हटून बसतो. पहिली म्हणजे जोड कसा द्यायचा ही. कंप पावणाऱ्या इंजिनावर तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळणे हा जोड नव्हे. नुसता सोल्डरही मला पसंत नाही, कारण सोल्डर मऊ तारेत थोडा आत चढतो आणि जिथे ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो, तिथेच तार काही महिन्यांनी मोडते. योग्य मापाचा, दाबून बसवायचा क्रिंप, योग्य पक्कड आणि आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी वापरावी. अनेक तारा जोडायच्या असतील, तर सगळे जोड एकाच जागी न आणता पुढेमागे ठेवावेत, म्हणजे हार्नेसला गाठ येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तारेची वाट. जोड कितीही चांगला दिला, पण हार्नेस पुन्हा त्याच ब्रॅकेटवर टेकला, तर दोष पुन्हा येणार हे ठरलेलेच आहे. म्हणून हरवलेली क्लिप आधी बसवली आणि इंजिन मुरडले तरी हार्नेस कशालाही शिवत नाही, हे पाहूनच आवरण गुंडाळले.

वायरिंगच्या तपासणीत ओहम मीटरवर फार विश्वास ठेवला जातो. अनेक धाग्यांच्या तारेचा एकच धागा शाबूत राहिला, तरी ओहम मीटर शून्याच्या जवळचा आकडा दाखवतो, कारण तो अगदी किरकोळ प्रवाह पाठवून मोजतो. तीच तार ॲक्च्युएटरला हवा असलेला प्रवाह देऊ शकत नाही. म्हणून प्रवाह वाहणाऱ्या तारा नेहमी लोडवर तपासाव्यात. कनेक्टर काढून त्या तारेवर हेडलाइटचा बल्ब लावावा. तो पूर्ण तेजाने पेटला, तर तार ठीक. याहून चांगली पद्धत म्हणजे काम चालू असताना तारेच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजणे. ईसीएमची अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात इंजिन चालू असताना ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर आधी ती अर्थ साफ करावी आणि मगच पुढचा विचार करावा. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये पूर्ण भरलेल्या दोन बॅटऱ्या मिळून साधारण २५.२ व्होल्ट देतात आणि अल्टरनेटर चालू असताना ते २८ च्या आसपास जाते. यापेक्षा बराच कमी आकडा असताना सेन्सरांच्या कोडांचा अर्थ लावत बसणे व्यर्थ आहे. एका बॅटरीची दुसरीशी तुलना करायलाही विसरू नये, कारण दोघींची बेरीज चांगली दिसते आणि एक मात्र आतून गेलेली असते.

तारेत सुई टोचून मोजण्याची सवय सोडावी, अशी माझी सर्वांना विनंती आहे. त्या छिद्रातून पाणी आत जाते, तांबे हिरवे पडत पडत आवरणाच्या आत दूरवर कुजते आणि वर्षभराने असा दोष उभा राहतो, जो बाहेरून कुणालाही दिसत नाही. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवावा. पुढून जाड प्रोब खुपसला, तर मादी पिन फाकते आणि आपणच नवा लूज कनेक्शन तयार करतो. पिन फाकली आहे का, हे पाहायला त्याच मापाची एक सुटी नर पिन जवळ ठेवावी. ती आत घालून काढताना हाताला किंचित ओढ जाणवली पाहिजे, सहज सुटून आली तर पिन बदलावी. कनेक्टरमध्ये ऑइल किंवा कूलंट आढळले, तर ते सेन्सरच्या आतून फुटून तारेच्या धाग्यांमधून वर चढते आहे का, तेही पाहावे, कारण मग ते ईसीएमच्या कनेक्टरपर्यंत पोहोचलेले असू शकते.

ट्रकमधल्या वेगवेगळ्या ईसीएम ज्या दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकींशी बोलतात, त्या कॅन लाइनची तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी तोडून निदानाच्या नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये सी आणि डी या पिनांमध्ये मोजले, तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर लाइन कुठे तरी तुटली आहे किंवा एक रोध निघाला आहे. शून्याजवळ आले, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. टर्बोवरच्या लेखात हे आणण्याचे कारण असे, की अनेक इंजिनांमध्ये टर्बोचा इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर याच लाइनवर बोलतो. लाइन खराब झाली, की टर्बोचा कोड येतो आणि पूर्ण चांगला टर्बो उतरवला जातो.

आता आकडा खरोखर उतरत असेल तेव्हाचे. बूस्टची रेषा तुटत नाही, इतर रेषा शांत आहेत, पण ईसीएमला हवा असलेला बूस्ट आणि प्रत्यक्षातला बूस्ट यांच्यातले अंतर लोडबरोबर वाढत जाते, असे चित्र दिसले, की वायरिंग सोडून हवेकडे वळावे. इथेही टर्बो शेवटी येतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती आजही तीच आहे: बाहेर जाणाऱ्या एक्झॉस्टमधल्या ऊर्जेवर टर्बाइन फिरते आणि तिच्या दुसऱ्या टोकाचे चाक हवा आत दाबते. म्हणजे सिलिंडरमध्ये पुरेसे डिझेल जळले नाही, तर फिरवायला ऊर्जाच नाही आणि सर्वोत्तम टर्बोही बूस्ट देणार नाही. म्हणून मी प्रथम धूर पाहतो. बूस्ट कमी आणि धूर काळा असेल, तर डिझेल मिळते आहे आणि हवा मिळत नाही, याचा अर्थ गळती, तुंबलेला एअर फिल्टर, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा टर्बो. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या ट्रकमध्ये धूर तो फिल्टर गिळून टाकतो, तिथे काजळीचा भार लवकर वाढू लागणे हीच खूण समजावी. बूस्ट कमी आणि धूरही नसेल, तर आधी रेल प्रेशर मागितल्याएवढे येते का ते पाहावे. डिझेल फिल्टर तुंबलेला असणे किंवा ओढीच्या पाइपातून हवा शिरणे, हे टर्बो बदलण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे.

इंटरकूलर आणि त्याचे होज यांची गळती रेस न देता नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनावर दिसत नाही, कारण त्या वेळी आत दाबच नसतो. होजला आतून पडलेली चीर लोडवर ओठासारखी उघडते, शिट्टी वाजते आणि पाय काढला की पुन्हा मिटते. म्हणून दोन्ही तोंडे बंद करून इंटरकूलरमध्ये बाहेरून हवा भरावी. ३० पीएसआय भरून पुरवठा बंद करावा आणि १५ सेकंदांत दाब ५ पीएसआयपेक्षा जास्त घसरतो का ते पाहावे, असा निकष अनेक ट्रक इंजिनांसाठी वापरला जातो. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच मानावा. हवा भरण्यापूर्वी तोंडावरचे बूच साखळीने बांधून ठेवावेत, कारण निसटलेला बूच जीव घेऊ शकतो. साबणाचे पाणी मारल्यावर गळतीची जागा फुग्यांनी दिसते. टर्बोच्या आधीची एक्झॉस्टची गळतीही बूस्ट खाते. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा पिसाऱ्यासारखा काळा डाग ही तिची खूण. आणि टर्बोनंतरचा अडथळा, उदाहरणार्थ तुंबलेला डीपीएफ, हाही बूस्ट कमी करतो, कारण टर्बाइनला फिरवतो तो तिच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक.

बदलत्या भूमितीच्या टर्बोमध्ये टर्बाइनकडे जाणारी वाट अरुंद किंवा रुंद करणारी पाती किंवा सरकती रिंग असते. काजळी आणि गंज यांनी ती अडकली, की ॲक्च्युएटर ढकलत राहतो आणि एफएमआय ७ येतो. अशा वेळी ॲक्च्युएटर उतरवून आतली यंत्रणा हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावी. ती कुठेही न अडखळता फिरली पाहिजे. अडखळत असताना तिच्यावर नवा ॲक्च्युएटर बसवला, तर तोही लवकरच जातो. बसवल्यानंतर त्याला दोन्ही टोके शिकवण्याची स्कॅनरवरची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, ती वगळली की नवा भागही दोषी वाटतो. एक्झॉस्ट दाबाच्या सेन्सरला जाणारी बारीक लोखंडी नळी काजळीने बंद होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा रेषा ना तुटते ना उतरते, ती आळशासारखी मागून येते, आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ बाहेरच्या हवेच्या आकड्यावर परतत नाही.

टर्बो उतरवण्याचा निर्णय मी चाक पाहून घेतो. शाफ्ट बोटाने आडवा हलतो म्हणून टर्बो गेला, असे अनेकदा सांगितले जाते. या बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतात, त्यामुळे आडवा थोडा वाव असायलाच हवा. चाक बाजूला दाबून फिरवल्यावर हाउसिंगला घासते का, पात्यांच्या कडा झिजल्या किंवा दातेरी झाल्या आहेत का आणि शाफ्ट पुढेमागे जाणवण्याइतका सरकतो का, हे पाहावे. इनटेकमध्ये ऑइल दिसले, तरी लगेच निष्कर्ष काढू नये. टर्बोचे सील रबराचे नसून पिस्टन रिंगसारखे असतात. एअर फिल्टर तुंबला तर निर्वाताने ऑइल ओढले जाते आणि परतीचा पाइप दबला किंवा क्रँककेसमधला दाब वाढला, तर ते बाहेर ढकलले जाते. यांतले काही न सुधारता नवा टर्बो बसवला, तर तोही ऑइल टाकेल.

तारेची दुरुस्ती झाल्यावर तोच ट्रक, तेवढाच लोड भरून, मी त्याच चढावर नेला आणि चालकांना मुद्दाम वारंवार गियर बदलायला सांगितले. तिन्ही रेषा आपापल्या वाटेने चालत राहिल्या. प्रत्येक झटक्याला बूस्ट उतरत होता आणि सावकाश चढत होता, ऑइल प्रेशर फेऱ्यांबरोबर किंचित हलत होते. आधी काढून टाकलेले दोन्ही बूस्ट सेन्सर मालकांनी जपून ठेवले होते. ते मी टेबलावर ५ व्होल्ट देऊन आणि हातपंपाने दाब वाढवत तपासले, तेव्हा दोन्हींचे व्होल्टेज दाबाबरोबर एकसारखे वाढत गेले. मालकांच्या परवानगीने त्यांतला एक मी ठेवून घेतला आहे, आणि तशाच सेन्सरबद्दल शंका आली, की तुलनेसाठी तो शेजारी जोडून पाहतो.